चौथ्या सीटचं गणित

सातवा महिना होता मला. कांदिवलीला हायवेवर पोचायला चार मिनिटं उशीर झाला आणि आमची शेअर टॅक्सी डोळ्यांसमोरून निघून गेली. फोन केला, तर पुढच्या सीटवरून आमच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "एका माणसासाठी गाडी थांबवता येत नाही."

याच माणसासाठी आम्ही तिघी, मी आणि ऑफिसातल्या दोन मैत्रिणी, वर्षभर थांबलो होतो. आमची घरं हायवेलगत, त्यांचं बोरिवली पश्चिमेला, पार गोराई खाडीकडे. टॅक्सी आधी रेल्वेचा पूल ओलांडून त्यांच्या दारात जायची, त्यांचा चहा होईपर्यंत उभी राहायची, मग आम्हाला घेत अंधेरीला. भाडं मात्र चौघांत सारखं.

त्या दिवशी रिक्षात मी रडले नाही. विचार करत बसले.

माझी नोकरीच ती. कुरिअरच्या गाड्या कमीत कमी खर्चात कुठून कशा फिरवायच्या, त्याचे प्रोग्रॅम लिहायचे. रविवारी आमची चार घरं त्यात घातली. सगळ्यांनी हायवेवर यायचं, आणि ज्याच्यामुळे गाडी जास्त फिरेल त्याने ते भाडं सोसायचं. थांबण्याच्या प्रत्येक मिनिटाची किंमत किती धरायची, हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं. मी ती भरपूर धरली.

सोमवारी गाडीतच दाखवलं.

"म्हणजे मी रिक्षा करून हायवेवर यायचं?" साहेबांनी विचारलं.

"किंवा निम्म्याहून जास्त भाडं तुमचं, सर."

"हे तू ठरवणार?"

"मी कुठे, गणितच तसं येतंय."



दोन दिवस ते रिक्षाने बोरिवलीच्या हायवेवर वेळेवर आले. तिसऱ्या दिवशी उशीर झाला. त्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्याच स्टॉपवर, बोरिवलीहून बसले होते. ते डबा सांभाळत, हात वर करून धावत येताना दिसले.

"चलो भैया," मी ड्रायव्हरला म्हटलं.

तेव्हा जो आनंद झाला, तो मी नवऱ्यालाही सांगितलेला नाही.

त्यांनी टॅक्सी सोडली. मग तिघींचं भाडं वाढलं. मैत्रीण म्हणाली, "त्यांना परत घेऊया का गं? हायवेवरून आले तर स्वस्त पडेल ना?"

"प्रोग्रॅम नाही म्हणतोय," मी म्हटलं.

तो हो म्हणत होता. बाळंतपणाच्या रजेवर जाईपर्यंत मी ते जास्तीचं भाडं खुशीने भरलं.