मामांचे जोडग्रंथ

माझ्या बायकोच्या मामांइतका पुस्तकांवर अत्याचार करणारा माणूस अख्ख्या भिवंडीत नसेल. आणि या गावात पुस्तकं वाचणाऱ्यांपेक्षा ती ट्रकमधून उतरवणारेच जास्त, हे लक्षात घेऊन मी म्हणतो आहे. मामांनी उमेदीची वर्षं लूमवर तार जोडण्यात घालवली. धागा गुंडाळलेला एक बीम संपत आला की त्याचे हजारो धागे नव्या बीमच्या धाग्यांना एकेक करून जोडायचे, हे त्यांचं काम. पुढे ते भिवंडीजवळच्या पूर्णा गावी पुस्तकांच्या एका गोदामात वॉचमन झाले. तिथे फाटलेली कॉमिक्स रद्दीत जायची. ती मागून आणून मामा तीही एकमेकांना जोडू लागले. त्यामुळे त्यांच्या पुस्तकात बाराव्या पानावर गुप्तहेर कपाट उघडतो, तेराव्यावर त्यातून हडळ निघते, ती किंचाळेपर्यंत मंगळावरचं यान उतरतं आणि त्यातून एक राजा स्वयंवराला निघतो. वाचकाचा गोंधळ नको म्हणून मामा सगळ्या नायकांना बॉलपेनने एकसारखी मिशी काढत. घाईत एका राजकन्येलाही ती मिळाली. विचारलं तर म्हणाले, "वेश बदललाय त्यानी. हेराचा कामच हाय ना त्यो!"

या प्रकाराला ते 'सर्वरस चित्रग्रंथ' म्हणत. एका ग्रंथाचं रीतसर प्रकाशनही झालं: नारळ, फीत, शाल आणि प्रत एकच. शाल मामांनी मामींकडून स्वतःलाच घालून घेतली. पाहुण्यांनी ती प्रत प्रसादासारखी कपाळाला लावून पुढे दिली. उघडली कुणीच नाही.

आमच्या आळीच्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे, आणि मामांना आपला ग्रंथ तिथल्या कपाटात हवा होता. फाटक्या कॉमिक्सची शेवटची पानंच आधी गळतात, त्यामुळे मामांच्या एकाही ग्रंथाला शेवट नव्हता. मला तेवढं कारण पुरलं. "शेवट नसलेलं पुस्तक आम्ही ठेवत नाही," मी ऐटीत सांगितलं.

आठवड्याने ते परत आले. ग्रंथाला मागे एक कोरं पान शिवलेलं.

"जावईबापू, शेवट तुमी लिवा. एवढी बुकं वाचल्यात तुमी. मना काचबिंदू झालाय. एक डोला गेला, दुसरा वाटेवर हाय. ह्यो माजा शेवटचा बुक. कपाटात लागला का झाला."

दहा मिनिटांचं काम म्हणून मी बसलो. लग्न लावावं तर हडळ उरत होती. हडळीला मुक्ती द्यावी तर यान ताटकळत होतं. असा महिना गेला. अखेर पुस्तकाला नंबर चिकटवला, कपाटात जागा केली आणि मामांना बोलावलं. एव्हाना दुसऱ्या डोळ्यानेही त्यांना अक्षर दिसत नव्हतं.

"शेवट केला का तुमी?"

"केला."

"मंग वाचा."

कोरं पान समोर धरून मी वाचू लागलो. हेराने चोर पकडला, हडळ मंगळावर नांदायला गेली, स्वयंवर पार पडलं. मामांनी हात पुढे केला आणि त्या पानावरून, धागा चाचपावा तशी, बोटं फिरवली. पेनाचा एक ओरखडाही तिथे नव्हता.

मामांनी पुस्तक हळूच माझ्याकडे सरकवलं, मांडी नीट घातली आणि म्हणाले,

"आनि मंग?"