तिसऱ्या अंकातलं रिव्हॉल्व्हर

गेल्या वर्षी तिसऱ्या अंकात रिव्हॉल्व्हर उडालं नाही. बाईनं चाप ओढला आणि नुसतं टिक झालं. तिनं परत ओढला. परत टिक. समोर निशांतला मरायचं होतं. तो जरा वेळ छाती पुढे करून उभा राहिला आणि मग आपला आपणच पडला. अंधारातून कुणीतरी म्हणालं, "मेला कशानं? वाट बघून?" सगळा हॉल हसला. त्या जागी माणसांनी डोळे पुसायचे होते.

रिव्हॉल्व्हर आणलं होतं हुसैनमियाँनी. ईदच्या आधी मस्कतमधल्या मत्राहच्या बाजारात पोरांसाठी खेळणी येतात, त्यातलं प्लॅस्टिकचं. आठ टिकल्यांचं लाल चक्र त्यात बसतं. त्याचं केशरी तोंड त्यांनी कापलं, काळा रंग मारला, मूठ घासून घेतली. स्प्रिंग मऊ आहे हे घेतानाच अंगठ्याला कळलं होतं. दुकानात तो एकच प्रकार होता आणि खर्च कमी ठेवायचा होता. चालून जाईल, असं वाटलं. तसं वाटणं हाच कामचुकारपणा, हे वर्षभर ते स्वतःला सांगत राहिले. दुसऱ्या कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. कुणी ओरडलं नाही. सगळे चेष्टा करत.

"मियाँ, या वर्षी विळा द्या. विळा तरी अडकत नाही."

हुसैनमियाँ सुतार. गाव श्रीवर्धनकडच्या खाडीवरचं. शटरिंगच्या कामाला म्हणून मस्कतला आले, मग वादी कबीरच्या एका वर्कशॉपात दारं-कपाटं करायला लागले. राहायला हमरियात, चौघांत एक खोली. मराठी नाटकमंडळाशी संबंध आला तो दार्सैतमधल्या एका फ्लॅटचं दार बसवताना. आत तालीम चालली होती. एक जण खुर्चीवर चढून भाषण करत होता आणि खुर्ची हलत होती. मियाँ दार सोडून आत गेले, त्याला खाली उतरवलं, खुर्ची उलटी केली आणि पाय पाचर मारून घट्ट केला. मग परत दाराकडे गेले. पुढच्या वर्षीपासून नेपथ्य त्यांचं.

वर्कशॉपात ते नुसते हुसैन. खोलीवर चाचा, चाचा म्हणजे ज्याला कुणी काही विचारत नाही तो. मंडळात मात्र बँकेतली माणसंही विचारत, "मियाँ, खिडकी इथं चालेल का?" चालणार नसेल तर ते नाही म्हणत आणि खिडकी हलायची. त्यांना एवढंच हवं असायचं. टाळ्या त्यांना कधी नको होत्या.

आता साठी झाली होती. व्हिसा यापुढे वाढवणार नाही, असं अर्बाबनं, म्हणजे वर्कशॉपच्या मालकानं, सांगून ठेवलं होतं. थंडी संपली की कायमचं गावाला. म्हणजे हे शेवटचं नाटक. आशुतोष दिग्दर्शक होता, बौशरला एका ऑफिसात मॅनेजर. त्यानं ठरवलं की यंदा तेच नाटक परत करायचं.

"मला ते हसू पुसून टाकायचंय," तो म्हणाला.

"मलापन," मियाँ म्हणाले.

हिशेब ठेवणाऱ्या किशोरीताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पुसा. पण स्वस्तात पुसा."

आधी त्यांनी लाकडाचं करून पाहिलं. सागाचा तुकडा घेतला, कानस लावली, पॉलिश केलं. दिसायला देखणं झालं. पण आवाज ध्वनी सांभाळणाऱ्या अंतराच्या लॅपटॉपमधून यायचा होता आणि तालमीत तो दर वेळी मागे पडत होता. आधी माणूस पडायचा, मग गोळी सुटायची. निशांत म्हणाला, "माझा काय दोष? मी वेळेवर मरतोय." आशुतोषला आवाज आणि धूर हातातूनच हवा होता. टिकल्या मस्कतला मिळतात. त्या टिकल्यांवर नेमका घाव घालणारं यंत्र हवं होतं.

उन्हाळ्यात मियाँ सुट्टीवर निघाले. मुंबईत उतरले ते गावची गाडी न धरता खेळण्यांच्या घाऊक गल्लीत गेले. दुकानदारानं समोर ढीग मांडला. मियाँ एकेक उचलायचे, कानाशी धरून घोडा ओढायचे आणि सावकाश सोडायचे. काहींचं चक्र सैल होतं, टिकली घोड्याखाली नीट येत नव्हती. काहींचा चाप बोटाला ओरबाडत होता. एकाची स्प्रिंग चांगली कडक, पण मूठ पोकळ. नटीच्या हातात ती हलकी दिसली असती आणि हलकी वस्तू प्रेक्षकाला दुरूनही कळते.

"चचा, खून करना है क्या?" दुकानदार कंटाळून म्हणाला.

"खूनच हाय. तिसऱ्या अंकात."

शेवटी एक मिळालं. जस्ताचं ओतीव, मूठ जड, चक्र फिरून खटकन जागेवर बसणारं. तिथंच फुटपाथवर टिकल्या उडवून पाहिल्या. एकही चुकली नाही. किंमत बसत होती. त्यांनी आणखी एक चक्र उडवलं, मग घेतलं.

घरी अमीरुन्निसानं ते रिव्हॉल्व्हर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "दोन वर्सांनी मानूस घरात येतो, न् येऊन पोरासारखा ठो ठो करत बसतो. दाराची कडी मोडलेली ती दिसत नाय तुमाला?"

"दिसते. करतो."

"मंडळवाले तुमाला जेवायला घालनार हायत काय हतं आल्यावर?"

"जेवान नाय. एक काम फसलेला. ता नीट करूक हवा."

महेक, त्यांची लेक, माहेरी आली होती. तिच्या मुलानं रिव्हॉल्व्हर मागितलं. मियाँनी त्याला बाजारातून दुसरं आणून दिलं, हे दिलं नाही. रोज सकाळी अंगणात ते एक चक्र उडवायचे, घोडा पुसायचे, किंचित तेल लावायचे. खाडीची हवा दमट. त्या हवेत टिकलं तर हॉलच्या एसीत टिकेलच. सुट्टीभर एकदाही टिक झालं नाही.

निघताना त्यांनी सामान भरलं ते सुतार भरतो तसं. चांगल्या वस्तूचे भाग सुटे करायचे, प्रत्येक भाग वेगळ्या कापडात गुंडाळायचा, म्हणजे घासत नाही, ओरखडा पडत नाही. नळी एका सदऱ्यात, चक्र मोज्यात, मूठ टॉवेलात. घोडा आणि स्प्रिंग कागदात गुंडाळून सुपारीच्या डब्यात. टिकल्या घेतल्या नाहीत, विमानात चालत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. एवढी काळजी घेतली की झालं, असं त्यांना वाटलं.

मस्कतच्या विमानतळावर बॅग बाजूला काढली. वर्दीतला एक तरुण होता, अदबीनं बोलणारा. त्यानं सदरा उलगडला, मोजा झटकला, टॉवेल सोडवला, डबा उघडला. सगळे भाग टेबलावर ओळीनं ठेवले. मग तो मियाँकडे पाहत हिंदीत म्हणाला, "यह क्या है?"

"नाटक का है साब. खिलौना."

"खिलौना है तो अलग-अलग क्यों छुपाया?"

"छुपाया नहीं. घिस न जाए, इसलिए."

त्या मुलानं आणखी एकाला बोलावलं. दोघं अरबीत बोलले. मियाँना वर्कशॉपातली अरबी येत होती, ही येत नव्हती. त्यांना आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. वाईट कुणी वागलं नाही. पण टेबलावरचे ते भाग पाहिल्यावर मियाँना स्वतःलाच कळलं की हे कसं दिसतं. प्लॅस्टिकचं असतं, कपड्यांवर तसंच टाकलेलं असतं, तर कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नसतं.

त्यांनी आशुतोषचा नंबर दिला. अर्बाबलाही कळवलं गेलं, कारण माणूस त्याच्या नावावर होता.

आशुतोष आला. ऑफिस सोडून, टायसकट. मियाँना वाटलं होतं, हा हात झटकेल. त्यानं झटकले नाहीत. मीच सांगितलं होतं, म्हणाला. नाटक आहे, बंदूक खोटी आहे, हे कसं पटवायचं ते त्याला सुचेना. मग त्यानं मोबाइल काढला आणि गेल्या वर्षीच्या नाटकाचा व्हिडिओ लावला. तिसरा अंक.

खोलीत तो आवाज घुमला. टिक. परत टिक. निशांत उभा. निशांत पडला. मग हॉलचं हसू. वर्दीतला मुलगा आधी गंभीरपणे पाहत होता. मग त्याच्या तोंडाचा कोपरा हलला. त्यानं दुसऱ्याला जवळ बोलावलं आणि बोटानं खूण केली, परत लावा. आशुतोषनं परत लावलं. दोघं हसले, मोकळेपणानं, वाईट हेतू नसताना माणसं हसतात तसे.

मियाँ खाली फरशीकडे पाहत बसले. जे हसू पुसायला निघाले होते, त्यानंच त्यांना सोडवलं.

खेळणं तिथंच राहिलं. खऱ्यासारखं दिसतं म्हणून आत नेता येणार नाही, असं सांगितलं. मियाँनी मागितलंही नाही. बाहेर अर्बाब गाडीशी उभा होता. पांढरी दाढी, हातात माळ. तो रागावला असता तर सोपं गेलं असतं.

"हुसैन," तो म्हणाला, "मैं सबको बोलता था, मेरे वर्कशॉप में एक आदमी बुजुर्ग है. इस उमर में खिलौना?"

"गलती हो गई, अर्बाब."

"खलास. बैठो."

पुढचे काही आठवडे मियाँ वर्कशॉपातून सरळ खोलीवर जात. तालमी परत सुरू झाल्याचं त्यांच्या कानावर आलं. निरोप आला नाही. ते वाट पाहत होते आणि वाट पाहत नसल्यासारखं करत होते. एका शुक्रवारी आशुतोष हमरियात आला. खोलीत बसायला जागा नव्हती, म्हणून दोघं खालच्या चहाच्या दुकानात बसले.

"मियाँ, कमिटीचं असं म्हणणं पडलं," आशुतोष कपाकडे पाहत म्हणाला, "की रिव्हॉल्व्हर नकोच."

"मग मारनार कशानं?"

"विष. ती दुधातून देते."

मियाँनी विचार केला. "पेला कुठला? काचेचा नको. आत दूध आहे का नाय ते मागच्या रांगेलापन दिसेल. स्टीलचा घ्या."

"स्टीलचाच घेतलाय."

"आनि सेट?"

"सेट तुमचाच. भिंतींचे जुने फ्लॅट्स आहेत ना, तेच. पण..." आशुतोषनं साखर नसलेला चहा ढवळला. "तुम्ही मागे थांबू नका या वर्षी. तुमचं नाव कुठंतरी नोंदलं गेलंय. हॉलवर कुणी चौकशीला आलं, तुमच्या जाण्याच्या वेळी काही अडलं, तर? तुमच्याच भल्यासाठी. सेट लावायला माणसं सांगितलीत."

"मग मी कुठं?"

"पुढे. पहिल्या रांगेत. पाहुणे म्हणून."

मियाँनी चहा संपवला. "पयल्या रांगेतून मानूस काय काम करनार?" एवढं म्हणाले. भांडले नाहीत. आशुतोष चुकीचं बोलत नव्हता. तो विमानतळावर आला होता, हे त्यांच्या लक्षात होतं. चुकीचं बोलला असता तर काहीतरी बोलता आलं असतं.

नाटकाच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून गेले. पहिल्या रांगेत बसले नाहीत. मागे, दाराजवळची खुर्ची धरली. पडदा उघडला आणि भाड्याच्या माणसांनी लावलेला त्यांचा दिवाणखाना दिसला. उभं केलेलं ठीक होतं. फार चांगलं नाही, ठीक. एक फ्लॅट कलता वाटला, पण तो पडणार नव्हता. पडणार नाहीत इतके घट्ट ते त्यांनी स्वतः केले होते.

तिसरा अंक आला. बाईनं स्टीलचा पेला पुढे केला. निशांतनं तिच्याकडे पाहिलं, सगळं समजल्यासारखं, आणि दूध प्यायला. पेला खाली ठेवला. दोन वाक्यं बोलला आणि खुर्चीतच मान टाकली. हॉलमध्ये हूं की चूं नाही. मियाँ श्वास धरून होते. कुणी हसेल, खोकेल, काहीतरी होईल. काही झालं नाही. पुढच्या रांगेत एक बाई नाक ओढत होती. पडदा पडला आणि टाळ्या सुरू झाल्या, लांबल्या.

ती बाई नवऱ्याला म्हणाली, "यंदा किती छान जमलंय. गेल्या वर्षी कशाला घातली होती ती बंदूक, कोण जाणे."

"हो ना. गरजच नव्हती."

मियाँनी ते ऐकलं. बाई खोटं बोलत नव्हती. त्यांनीही पाहिलं होतं. स्टीलच्या पेल्यात दूध घातलं की माणूस मरत होता, आणि चांगला मरत होता. सुट्टीभराचे ठो ठो, ती गल्ली, तो ढीग, अंगणातल्या सकाळी, यातलं काहीच लागलं नव्हतं. काम फसलं तर ते परत करता येतं. हे फसलं नव्हतं. हे नकोच होतं.

गर्दी बाहेर पडली तसे ते पडद्यामागे गेले. आता मनाई नव्हती. आशुतोषनं त्यांना मिठी मारली. त्याचा सदरा घामानं ओला होता.

"मियाँ, पाहिलंत? एक माणूस हसला नाही."

"नाय हसला."

"काही चुकलं का? खरं सांगा."

"नाय. बरोबर बसलं."

किशोरीताईंनी वड्याची प्लेट त्यांच्या हातात दिली. मैथिलीनं, पेला देणाऱ्या नटीनं, वाकून नमस्कार केला आणि फोटोला बोलावलं. मियाँ फोटोत उभे राहिले, कडेला. मग प्लेट खुर्चीवर ठेवून त्यांनी पक्कड मागितली.

"राहू द्या ना काका," मैथिली म्हणाली, "माणसं आहेत की त्याला."

बाहेर पिकअप उभा होता, ड्रायव्हर आतूनच "यल्ला, यल्ला" करत घाई लावत होता. मियाँनी दाराच्या चौकटीचे खिळे काढले, चौकट आडवी केली. निशांत मेकअप न उतरवताच मदतीला आला. त्यानं दुसरं टोक उचललं ते खालच्या पट्टीला धरून, जिथं धरायचं नसतं; तिथून सांधा उखडतो. एरवी मियाँनी त्याला थांबवलं असतं, खाली ठेवायला लावलं असतं, हात कुठं द्यायचा ते दाखवलं असतं.

सांधा कुरकुरला. मियाँनी आपलं टोक खांद्यावर घेतलं आणि चालू लागले.