मोरचुदाचा खडा आणि माझा केस

आयसीयूत मला आत सोडलं, तेव्हा ह्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि विचारलं, "बाथ चालू आहे ना?" जीव जायची वेळ, आणि चौकशी कोणाची, तर पाण्याच्या टाकीची! चालू आहे, म्हटलं. "बंद पडू देऊ नकोस, शालू. रोज तापमान अगदी किंचित उतरवायचं..." मी हो म्हटलं. तेच शेवटचं बोलणं. त्याला आता दीड महिना होईल.

नाशिकच्या कॉलेजात हे पदार्थविज्ञान शिकवायचे आणि निवृत्तीनंतर मागच्या खोलीत स्फटिक वाढवायचे. द्राक्षबागेवर फवारतात ना, त्या मोरचुदाचे. दुकानदार विचारायचा, "सर, बाग केवढीये?" हे म्हणायचे, "एका बरणीची." गरम पाण्यात मावेल तेवढा मोरचूद विरघळवायचा, बरणी त्या बाथमध्ये, म्हणजे विजेवर पाणी गरम ठेवणाऱ्या टाकीत, ठेवायची, आत बारीकसा खडा टांगायचा आणि महिनोन्‌महिने पाणी हळूहळू निववत न्यायचं. निवेल तसा मोरचूद त्या खड्यावर थर धरतो. घाई झाली की सगळा चुरा. टांगायला दोरा चालायचा नाही, त्याच्या तंतूंवर भलतेच कण धरतात म्हणे. म्हणून मी विंचरायला बसले की स्वारी हजर. "एक लांबसा केस दे." "एकदाची टकलीच करा मला!" मी ओरडायचे, आणि द्यायचे. आधीचे खडे काळ्या केसांना टांगलेले, हा शेवटचा पांढऱ्या. "पांढरा बरा, गाठ दिसते," म्हणाले. गोड बोलणं ह्या माणसाला जन्मात जमलं नाही. लाईट गेली की इन्व्हर्टर फक्त बाथला. मी आपली अंधारात पोळ्या लाटायची. पण हा खडा लिंबाएवढा झाला होता, निळाशार, आरपार. तो दाखवताना ह्यांचा चेहरा बघायला हवा होता...

ते गेले आणि घर माणसांनी भरलं. ते जिथे बसायचे तिथेच, मागच्या खोलीत, दिवा ठेवला. धाकट्या दिरांनी बाथचा प्लग काढला. "वहिनी, तेलाचा दिवा नि शेजारी ह्या वायरी, उगाच भानगड नको." भल्यासाठीच केलं त्यांनी. दिवा विझू नये म्हणून सगळ्यांनी आळीपाळीने तेल घातलं, वात सारली. एकदाही विझला नाही. आणि हातभर अंतरावर बाथ गार पडत होता. मी तिथेच बसले होते हो! माझं लक्षच नव्हतं.

दहाव्यानंतर दिवा उचलला, तेव्हा बरणी दिसली. तळाला निळा चुरा, खड्यावर काटेच काटे, आरपार काही दिसेना. ह्यांचा जुना विद्यार्थी, आता ओझरला नोकरीला, भेटायला आला होता. त्याचा हात धरला. "काहीतरी कर रे बाबा, मी त्यांना हो म्हटलंय." त्याने वाकून बरणीत पाहिलं. "काकू, गरम केलं तर काटे विरघळतील, पण मागोमाग खडाही विरघळेल. नेमकं कुठे थांबायचं, ते सरांनाच कळायचं."

तेव्हापासून रोज प्लग हातात घेते आणि खाली ठेवते. लावला तर विरघळेल. नाही लावला तर हे असंच. विचारू कोणाला?

बरणी आता शांत आहे. हे सांगायचे, बाहेरून थांबलेलं दिसतं, पण आत खड्यावरून जेवढं पाण्यात जातं तेवढंच परत येऊन बसतं. खोटं बोललात तुम्ही. माझं नुसतं जातंय.

आज विंचरायला बसले तर खिडकीच्या गजावर केसांचा पुंजका दिसला. लांब केस निघाला की हात आपोआप तो तिथे गुंडाळतो, मागितल्यावर लगेच देता यावा म्हणून.