गॅस बंद केल्यानंतरचं फूल

आमच्या समोरच्या बाई सकाळी कुलूप लावून तीन जिने उतरायच्या आणि धापा टाकत पुन्हा वर यायच्या. गॅस बंद केला का, एवढंच बघायला. तो बंदच असायचा. पण तेवढ्यात देवळाली कॅम्पची बस निघून जायची आणि शाळेच्या ऑफिसात त्यांना बोलणी बसायची.

मग त्यांनीच तोड काढली. आधी गॅस बंद करायचा, मगच केसात फूल माळायचं. तेही रोज वेगळं, म्हणजे कालच्या आठवणीशी गल्लत नको. आज अबोली, उद्या शेवंती. बसमध्ये धडधडायला लागलं की त्यांचा हात केसांकडे जायचा. मला आधी हा नखराच वाटला होता, खोटं कशाला बोलू!

एकदा बसमध्ये मी त्यांच्या शेजारीच बसले होते. नाशिकरोडला गर्दी उतरल्यावर त्यांनी केसांना हात लावला, तर फूल नव्हतं. चेहरा पांढराफटक पडला. पदर झटकला, सीटखाली वाकून पाहिलं, आणि पुढच्या थांब्यावर त्या उतरायला उठल्याच. शेवंती मी सकाळी जिन्यात त्यांच्या केसात पाहिली होती. तसं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"सांगू नका, ताई. उद्या तुम्ही शेजारी नसाल."

कंडक्टरनं बेल मारली. बाई खाली बसल्या. समोरचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला. घामानं पाठ भिजली होती, ओठ हलत होते.

कॅम्प येईपर्यंत त्यांचा हात एकदाही केसांकडे गेला नाही.