सरांच्या कुर्त्यावरचे टाके

आधीच सांगते — भूत, करणी, नवस, यातलं काहीही मी मानत नाही. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. नांदेडच्या बसस्टँडवर बुवाबाजीविरुद्धची पत्रकं वाटतच मी मोठी झाले. तरीही हे लिहितेय, कारण हे भरदिवसा, चाळीसेक माणसांसमोर घडलं.

नायगावहून देगलूरकडे जाताना एका गावात निजामाच्या काळातलं दगडी चर्च आहे. बाकं नाहीत, सगळे खालीच बसतात. पुढे म्हाताऱ्या बायांसाठी एक मोठी वाकळ अंथरलेली असायची. माझ्या रत्नाआत्यानं आणि वस्तीतल्या दहा बायांनी, आपापल्या वारलेल्या आयांची लुगडी जोडून शिवलेली. एका कडेला लाल दोऱ्यानं अकराही जणींची नावं. आत्याला आयुष्यात लिहिता आलं ते एवढंच... स्वतःचं नाव. ती गेल्या वर्षी गेली.

यंदा मार्चमध्ये पुण्याचे एक कलाकार आले. सगळे त्यांना सर म्हणत. चर्चमध्ये आधुनिक कलेचं प्रदर्शन भरणार होतं. पाळकसाहेबांनी कौतुकानं वाकळ टांगायला दिली. आदल्या दिवशी मी बघायला गेले, तर वाकळ भिंतीवर, आणि नावांची कड कापलेली! शेजारी पाटी — ‘अनाम हात’. त्याखाली सरांचं नाव.

“नावं कुठंयत?” मी विचारलं.

“ती कड कॉम्पोझिशन बिघडवत होती, ताई. फेकली. या कामाचं सौंदर्यच अनाम असण्यात आहे.”

“अनाम तुम्ही केलंत त्यांना!”

“चिडू नका. कला समजायला वेळ लागतो.”

अकरा जणींपैकी तिघीच आता हयात आहेत. त्यातल्या सुवार्ता काकूंनी मागचा उकिरडा चाळला. कड सापडली नाही. मग भिंतीपाशी जाऊन वाकळीलाच म्हणाल्या, “रत्ना, बघायलीस ना गं?”

रविवारी उपासनेनंतर प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. मी दारात कापलेल्या नावांबद्दलची पत्रकं वाटली. सरांनीही एक घेतलं, घडी करून खिशात टाकलं आणि वाकळीच्या कापलेल्या कडेला पाठ टेकून भाषण सुरू केलं. मी तीन हातांवर उभी होते. खोटं कशाला बोलू — या माणसाची भर सभेत फजिती व्हावी, एवढंच मनात होतं. माझी नजर त्याच्यावरून हलली नाही. मागे दगडी भिंत, मध्ये वाकळ. कुणी हात घालावा एवढी फटही नव्हती.

टाळ्या पडल्या. सर नमस्कार करत पुढे झाले... आणि वाकळ त्यांच्याबरोबर पुढे आली.

कुर्ता शिवला गेला होता. मानेपासून कमरेपर्यंत, कापलेल्या त्याच कडेला. लाल दोऱ्यानं.

काकूंनी चष्मा लावून टाक्यांवरून बोट फिरवलं. तीन बारीक, चौथा लांब. पुन्हा तीन बारीक, चौथा लांब.

“ह्यो रत्नाचा हात हाय,” त्या म्हणाल्या.

सर घामाघूम. “कापा ती गोधडी! लवकर कापा!”

कुणीतरी कात्री आणली. काकूंनी ती हातात घेतली. “वाकळ एकदा कापली साहेब, आता न्हाई. नीट उभं राहा.” आणि त्यांनी कुर्ता कापला. पाठीचा अख्खा पट्टा वाकळीलाच राहिला.

“आता कॉम्पोझिशन लई बेस झालं बघा, सर!” मागून एक बाई ओरडली. सर उघड्या पाठीनं गाडीत बसले. मला आनंद झाला. अजूनही होतो.

काही जण म्हणतात, मीच शिवलं. मला साधं बटण लावता येत नाही, घरच्यांना विचारा. दोरा बघितला, भिंत ठोकून बघितली, चाळीस जणांना विचारून झालं... उत्तर नाही. जन्मभर लोकांना ‘कारण शोधा’ सांगत आले, आणि माझ्याकडेच कारण नाही.

वाकळ पुन्हा खाली अंथरली आहे. कुर्त्याच्या पट्ट्यावर काकूंनी अकरा नावं भरली, रत्नाआत्याचं पहिलं. महिन्याभरानं पाळकसाहेबांना सरांचा फोन आला — तो तुकडा परत पाठवा.

“येऊन उसवून न्या म्हणावं,” काकू म्हणाल्या.

अजून आले नाहीत.