मंजुरीसाठी थांबलेलं उत्तर

शहरात गारखेड्यात शनिवारी चहाला भेटणारे ते ग्रंथपाल कधी घाईत बोलले नाहीत. सोयगावकडं एका खेड्यात वाचनालय सांभाळायचे. वाचनालयांसाठीच्या आमच्या मोफत, मुक्त सॉफ्टवेअरच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना एकत्र जाणाऱ्या मेलवर, कुणीही अडलं की उत्तर त्यांचंच असे. गावात रेंज नाही, म्हणून टेकडीवर जाऊन आलेले मेल ते फोनमध्ये उतरवून घेत, घरी सावकाश उत्तरं लिहीत आणि पुन्हा टेकडीवर जाऊन पाठवत.

लिस्ट बंद करून फोरम, म्हणजे वेबसाइटवर प्रश्नोत्तरांचं पान, सुरू करण्याचा हट्ट माझा. लिस्ट जुनाट दिसते, असं मी सांगत फिरलो. खरं म्हणजे लोक आभार त्यांचे मानत, ते मला खुपत होतं.

"लई चांगलं झालं साहेब," ते म्हणाले. "फक्त आमच्याकडं ते पान उघडत नाय."

तरी एका शनिवारी इथं शहरात चहाला बसल्या बसल्या त्यांनी फोरमवर एका वाचनालयाच्या बाईंना उत्तर लिहिलं. फोरमवर ते नवीन सदस्य, म्हणून उत्तर माझ्या मंजुरीसाठी थांबलं. मी ते वाचलं, नोंदींना धक्का न लावता अडचण कशी सोडवायची ते त्यात नीट होतं, आणि आठवडाभर तसंच ठेवलं. तोवर दुसऱ्याच कुणाचं ऐकून बाईंनी सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं. सगळ्या पुस्तकांच्या नोंदी पुसल्या गेल्या.

पुढच्या शनिवारी त्यांनी विचारलं, "ताईंच्या नोंदी गेल्या म्हणं. माझं उत्तर दिसलंच नाय. काही चुकलं होतं का त्यात?"

"फोरममध्ये बिघाड होता," मी म्हणालो.

"व्हय का?" त्यांनी कप खाली ठेवला आणि तिथूनच बाईंच्या वाचनालयात फोन लावला. "ताई, चूक माझी हाय. उत्तर पोचलं का, ते मी बघायला पाहिजे होतं."

मी समोरच बसलो होतो.