गुरुजींनी दिलेलं वर्ष

आमच्या बोरगावातली निम्मी मुलं कागदोपत्री एक जुलैला जन्मली, ती मोठ्या गुरुजींमुळे. आयांना तारखा आठवत नसत. मग गुरुजी मुलाला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावत आणि अंदाजानं वर्ष लिहीत. हात पोचला नाही तरी परत पाठवत नसत. म्हणत, “पोरगी दारात आली, तिले वापस कायले पाठवू?” आणि दाखल्यापुरतं वय लिहून टाकत.

शीतल आणि मी एकाच दिवशी शाळेत गेलो. ती माझ्याहून थोडी मोठी, पण ठेंगणी. मी उंच. गुरुजींनी कागदावर मला तिच्यापेक्षा वर्षभर मोठं केलं. आमच्या आया हसल्या.

बारावीनंतर आम्ही दोघींनी सौंसरहून एकाच बसनं जाऊन प्रवेश परीक्षा दिली. मार्क सारखे आले. प्रवर्गही एकच. शेवटच्या फेरीत सरकारी व्हेटरनरी कॉलेजची एकच जागा उरली होती. मार्क सारखे असले तर वयानं मोठ्याला आधी, असा नियम. जागा मला मिळाली. शीतलनं पांढुर्ण्याला बीएस्सीला नाव घातलं.

गुरुजी तेव्हा रिटायर झाले होते. कळल्यावर ते आधी शीतलच्या घरी गेले, ओट्यावर बसून माफी मागितली. तिचे वडील म्हणाले, तुम्ही तिला शाळेत घेतलं हेच खूप. तिथून ते आमच्याकडे आले. आईनं पुढे केलेला पेढा त्यांनी घेतला नाही.

“त्याईनं शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं,” म्हणाले. “मी तं पोरी शाळेत घेऊन राहिलो होतो. एकीचं वर्ष दुसरीले देऊन बसलो.”

मी जागा सोडते म्हणाले. फेऱ्या संपल्या होत्या. सोडलेली जागा रिकामीच राहिली असती. गुरुजी म्हणाले, “जाय बेटा, मन लावून शिक. पण हुशारीनं भेटली असं कोणाले सांगू नको.”

गुरुजी जाऊनही आता काही वर्षं झाली. परवा पांढुर्ण्यात माझा सत्कार झाला. निवेदक म्हणाला, डॉक्टर मॅडम केवळ गुणवत्तेवर इथवर पोचल्या. पहिल्या रांगेत शीतल बसली होती, मुलीला मांडीवर घेऊन. सगळ्यांत आधी टाळ्या तिनंच वाजवल्या. मला मान वर करता आली नाही.